सदाशिवरावांच्या तुरीतला वाघ

मारेगाव तालुक्यात जंगलाला लागून असलेल्या गावांत कुणाला वाघ दिसला, की पहिला निरोप उकंडा टेकाम यांच्याकडे जातो. उकंडाभाऊंचे वय अठ्ठावन्न. बावीस वर्षांपासून ते वनमजूर आहेत. सायकलच्या हँडलला एक पिशवी; तीत मोजायचा टेप, ठसा उतरवायला काचेचा तुकडा आणि स्केचपेन. दिसलेला वाघ खरा की भास, हे जमिनीवरचे ठसे पाहून सांगायचे, एवढे त्यांचे काम. पण त्यांच्या शब्दावर गावातल्या बाया कापूस वेचायला जातात किंवा घरी बसतात. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावचा एक गुराखी वाघाने मारला. तेव्हापासून हा शब्द फार जड झाला आहे.

उकंडाभाऊंना वाघापेक्षा वाघ पाहणाऱ्या माणसांचे कुतूहल जास्त. ते प्रत्येकाला तेच प्रश्न विचारतात. तू उभा कुठे होतास? सूर्य कुठे होता? त्याआधी वाघाची गोष्ट कुणाकडून ऐकली होतीस? उत्तरे ऐकत मान हलवतात. आजवर लोकांनी पाहिलेल्या वाघांत त्यांना एक वासरू, तीन पिवळी कुत्री, एक वारूळ आणि पाण्याची टाकी झाकलेली ताडपत्री एवढे सापडले आहे. त्यांच्या हिशेबी एक खूण पक्की आहे. खरा वाघ माणसाला कधी पुरा दिसत नाही. कान दिसतो, नाहीतर गवतातून सरकणारी पाठ दिसते. जो सांगतो, वाघ पुरा दिसला, तोंड माझ्याकडे अन् शेपूट वर, त्याने कॅलेंडरातला वाघ पाहिलेला असतो.

गेल्या जानेवारीतल्या एका सोमवारी संध्याकाळी प्रभावतीबाई धापा टाकत त्यांच्या दारात आल्या. चौदा बायांची वेचणीची टोळी त्या चालवतात. सदाशिवरावांच्या शेतातून परतताना, पांदणवाट जिथे नाल्याकडे वळते तिथून, त्यांना समोरच्या तुरीत वाघ दिसला होता.

"पुरा दिसला का?" उकंडाभाऊंनी विचारले.

"पुरा! तोंड मायाकडंच होतं, भाऊ."

"अन् शेपूट?"

"वरतं."

उकंडाभाऊ हसले. मंगळवारी सकाळी ते तिथे गेले. तुरीच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, जमीन दगडासारखी. ठसा नाही, केस नाही, मोडलेली काडी नाही. रानडुकरांना बुजवायला सदाशिवरावांनी धुऱ्याच्या तारेवर जुनी लुगडी बांधली होती. त्यातले एक पिवळे होते, काळ्या पट्ट्यांचे.

"लुगड्याले भेल्या तुमी," त्यांनी चावडीसमोर सगळ्या बायांदेखत सांगितले. "जा खुशाल वेचाले."

बाया दिवसभर प्रभावतीबाईंना चिडवत वेचत राहिल्या. "काहून वो, लुगड्यानं गुरकावलं का तुले?"

त्याच संध्याकाळी उकंडाभाऊ पांदणीने घरी निघाले होते. वळणावर सहज मान वळली आणि पाय थांबले. तुरीत वाघ उभा होता. पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, तोंड त्यांच्याकडे. शेपूट वर. पुरा.

ते कसे घरी आले ते त्यांनाच आठवत नाही. बावीस वर्षांत वाघाला ते इतके भ्याले नव्हते. आता त्यांना भीती वाटत होती ती वेगळीच. डोळे सांगत होते वाघ, जमीन सांगत होती काही नाही, आणि सकाळी चौदा बाया त्यांच्या तोंडाकडे पाहणार होत्या.

बुधवारी त्यांनी बायांना थांबवले. "आजचा दिवस नोका जाऊ."

"काल त जा म्हनलं होतं," प्रभावतीबाई म्हणाल्या. "आज काय झालं? लुगडं व्यालं का?"

बाया खदखदल्या. उकंडाभाऊंनी प्रभावतीबाईंना बाजूला घेतले. "बाई, मले बी दिसला."

"पुरा?"

"पुरा."

प्रभावतीबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू आवरायला की दचकून, ते त्यांनाही कळले नाही.

"मंग आता काय करता?"

"पाहू ना. दोघंही पाहू. त्याच जागेवरून, त्याच टायमाले."

दुपारी त्यांनी ते लुगडे सोडून घडी करून पिशवीत टाकले. तारेपलीकडे तुरीच्या कडेला चाळणीने चाळलेली माती चांगली दहा हात लांब पसरली. मुंगी चालली तरी उमटावी अशी. त्यांची एक सवय आहे. जिथे पाहायचे तिथली जमीन तयार करतात, तशीच जिथून पाहायचे तिथलीही. म्हणून पांदणीच्या वळणावरचा फुफाटाही तुराटीच्या खराट्याने झाडून साफ केला. जुने सगळे ठसे पुसले.

सूर्य कलला तसे दोघे वळणावर उभे राहिले. ओरडले तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर सदाशिवराव बैलगाडीत बसून होते. समोर वाळत आलेली तूर, मागे नाल्याचे पिवळे गवत. थोडा वेळ काही नव्हते. मग ऊन आणखी आडवे झाले.

"भाऊ," प्रभावतीबाई कुजबुजल्या, "तो पाहा."

"दिसून राह्यला."

"पन लुगडं त काढलं ना तुमी?"

"काढलं."

"मंग हा कोन होय?"

उकंडाभाऊंनी एक डोळा मिटून पाहिले, मग दुसरा. दोन पावले डावीकडे सरकले. वाघाचे डोके तुटून तुरीच्या शेंगा झाल्या. परत जागेवर आले, डोके जुळले. त्यांना इतकी मौज वाटली की भीती विसरून त्यांनी ते चारदा केले.

"तुमी सरका, बाई, इकडे. आता?"

"गेला!" प्रभावतीबाई म्हणाल्या. परत आल्या. "आला! अवो माय, हे त ऊन होय नुसतं!"

सूर्य बुडाला आणि तुरीत फक्त तूर उरली. दोघे हसत गाडीत जाऊन बसले. सदाशिवरावांनाही उद्यापासून वेचणी सुरू म्हणून बरे वाटले.

गुरुवारी सकाळी, बायांना हो म्हणण्याआधी, उकंडाभाऊ प्रभावतीबाईंना घेऊन मातीचे पट्टे तपासायला गेले. तुरीच्या कडेला एक ससा येऊन गेला होता. बाकी माती जशीच्या तशी. उकंडाभाऊंनी समाधानाने मान हलवली. मग ते वळणावर आले, आणि त्यांनी हात आडवा करून प्रभावतीबाईंना थांबवले.

फुफाट्यात दोघांच्या चपलांचे ठसे होते, डावीकडे सरकलेले, परत आलेले. त्यांच्या मागे, चार हातांवर, दोन मोठे पंजे शेजारी शेजारी खोल उमटले होते. नखांच्या खुणा नव्हत्या, म्हणजे कुत्रा नव्हे. तिथे तो उभा राहिला होता, तोंड तुरीकडे करून. तिथून निघून तो प्रभावतीबाईंच्या ठशावर पाय देऊन नाल्यात उतरला होता.

"हा आपन गेल्यावर आला असन ना, भाऊ?"

उकंडाभाऊंनी वाकून ठशाच्या कडा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. "आपल्या नंतरचा आहे," ते म्हणाले. "किती नंतरचा, ते नाई सांगता येत."

वनरक्षकाला फोन करून ते दोघे चावडीवर आले. बाया कापूस वेचून टाकायच्या ओट्या कमरेला बांधून तयारच होत्या. त्यांनी दोघांचे चेहरे पाहिले आणि पुन्हा थट्टा सुरू झाली.

"काय वो, आज कोन्त्या रंगाचं लुगडं होतं?"

"तुरीतला वाघ खोटा आहे," उकंडाभाऊ म्हणाले. "तो उन्हाचा. पन आज कोनी जाचं नाई."

"खोटा आहे त कायले थांबाचं? सांग ना वो प्रभावती, कसा दिसला वाघ? शेपूट वर होतं का?"

प्रभावतीबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिले.

"आमाले नाई दिसला," त्या म्हणाल्या. "आमच्या मांगं होता."

हसणे थांबले. एकेक करून बायांनी कमरेच्या ओट्या सोडल्या.