भोंगाताईंचा पुढचा दात

बसस्टँडवर त्यांना सगळे भोंगाताई म्हणत, आणि तोंडावर म्हटलं तरी त्या रागवायच्या नाहीत. पुकारा करायच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी उभी हयात गाड्या सोडल्या होत्या. ताईंनी पुकारल्याशिवाय गाडी गिअरच घेत नाही, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. बाई तशी फटकळ, पण माइकपुढे बसली की आवाज कसा, घोटून घेतलेला. त्याचा ताईंना गर्व होता. असणारच, दुसरं होतं काय त्यांच्याकडे?

अशा बाईचा नेमका पुढचा दात मोडावा! कात्री हाताशी असली तरी चिकटपट्टी दातानेच तोडायची खोड. अर्धा दात पट्टीबरोबर आला. आणि वेळ कोणती, तर महिनाभरात पुकारा यंत्रावर जायचा होता. एकदा आवाज भरून घ्यायचा, मग यंत्र बोलत राहणार. ताईंना तिकीट खिडकीवर बसवायचं ठरलंच होतं. आवाज कोणाचा घ्यायचा, एवढंच बाकी होतं. ताई नाहीत तर बुकिंगमधली एक मुलगी तयारच होती.

दातांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. मूळ कमकुवत आहे, म्हणाले. ते काढून इम्प्लांट बसवायचं, म्हणजे हाडात स्क्रू आणि त्यावर दात, की वर्षानुवर्षं बघायला नको. पण त्याला काही महिने जाणार. तोवर काढघालीचा दात, आणि त्याने ‘स’ म्हणताना शिट्टी वाजणार. आहे त्याच मुळावर कॅप बसवली तर पंधरवड्यात काम होईल, टिकेल मात्र जेमतेम दोन वर्षं. पुढे मूळ चिरलं तर हाडही झिजेल, मग इम्प्लांटही अवघड.

घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. यंत्राच्या सुखासाठी स्वतःचं तोंड बिघडवून घेणारी बाई त्याने पाहिली नव्हती. घेऊ देत की त्या मुलीचा आवाज, तुझं काय जातं?

ताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. “मी तिथून उठले की माझं तिथे काहीच उरत नाही,” त्या म्हणाल्या. “कॅपच बसवणार.”

कॅप बसली, आवाज भरला गेला, ताई खिडकीवर गेल्या. दुसऱ्या वर्षी मूळ चिरलं आणि कॅप हातात आली. डॉक्टर ‘मी सांगितलं होतं’ म्हणाले नाहीत, भला माणूस. पण हाड फारच झिजलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे जायला ताई स्टँडच्या बाकावर बसल्या होत्या, तोंडाशी रुमाल धरून. वर पुकारा झाला, शब्दन् शब्द लख्ख. शेजारच्या आजी मान वर करून ऐकत राहिल्या.

“किती स्वच्छ बोलते हो पोरगी,” त्या म्हणाल्या.

ताईंना तोंडाची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा आनंदच जास्त झाला. रुमाल न काढताच त्या म्हणाल्या, “दात चांगले असतील तिचे.”