पासपोर्ट तिचा, कपाट मालकाचं

मार्करचा वास आला की तोक्योतला तो जपानी कायद्याचा उन्हाळी कोर्स आठवतो आणि डोकं फिरतं. गारठवणारा एसी, फळ्यावर कामगारांचे हक्क, शेजारी माझी पुण्याची मैत्रीण. तिने हात वर केला. "सेन्सेई, मी पार्ट-टाइम काम करते तिथल्या मालकाने माझा पासपोर्ट कपाटात ठेवलाय. मागितला की म्हणतो, पळून जाशील. बहिणीच्या लग्नाला कशी जाऊ?" प्राध्यापक हसून म्हणाले, "हा वैयक्तिक प्रश्न आहे, कोर्समध्ये बसत नाही." मी ओरडले, "मग बसतं तरी काय?" ती कुजबुजली, "गप गं, सर्टिफिकेट जाईल." मग ग्रुप फोटोत तिलाच पुढे बसवून हसायला लावलं. लग्न तिने फोनवर पाहिलं. आज तोक्योजवळच्या कावासाकी स्टेशनबाहेर परदेशी कामगारांसाठी मी तसल्याच मार्करने फलक लिहिते: तुमचा पासपोर्ट ठेवून घ्यायचा हक्क मालकाला नाही. एवढं एक वाक्य त्या फळ्यासमोर कुणाच्या तोंडून निघालं नाही.