माझ्या अक्षरातलं 'फिट'

पाहुण्यांच्या बुटाला चुना लागला होता.

काळा, चकचकीत बूट. त्यावर पांढरा लपका. शुक्रवार, शाळेचा क्रीडादिन. मैदानावर दव पडलेलं होतं, आणि पहाटे मी आखलेल्या ट्रॅकच्या रेघा ओल्या होऊन लगदा झाल्या होत्या. मी त्यांच्यासाठी गेटपासून स्टेजपर्यंत लाल गालिचा टाकलेला. पण पाहुण्यांना पोरांबरोबर फोटो काढायचा होता. ते गालिचा सोडून सरळ रेघेवरून चालत आले.

आमच्या शाळेचे मॅनेजर साहेब, म्हणजे शाळेचे मालकच, बुटाकडे बघून माझ्याकडे वळले. बोट खाली दाखवलं.

"मैडम, ज़रा साफ़ कीजिए।"

मी आजूबाजूला बघितलं. शिपाई दोन हातांच्या अंतरावर उभा होता. चार ओळींत उभी शाळा बघत होती. मी क्रीडा प्रभारी. गळ्यात शिट्टी, अंगावर शाळेचा निळा ट्रॅकसूट. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

तेवढ्यात प्रिन्सिपल मॅडम माझ्या कानाशी आल्या. त्या मराठी. नवरा केंद्र सरकारात मोठा अधिकारी. अख्ख्या शाळेत मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच. हळूच, गोड आवाजात म्हणाल्या,

"पूस गं पटकन. तुला काय नवीन आहे यात?"

मी वाकले. ट्रॅकसूटच्या बाहीने पुसला. एक बूट, मग दुसरा. दुसऱ्याला काही लागलेलंही नव्हतं. तो का पुसला, हे आजही मला सांगता येत नाही. लाज वाटते सांगायला, पण पुसला.

आता हे 'काय नवीन' म्हणजे काय, ते सांगते. माझा बाप बडनेऱ्याचा. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून लखनौला आला, मी तेव्हा तिसरीत होते. आलमबागला क्वार्टर. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आमचं जयभीमचं घर. नोकरीच्या मुलाखतीत मॅडमना मी मराठी आहे कळलं तेव्हा काय त्यांचा आनंद! "अगंबाई, आपलं माणूस! अहो, बसा ना." मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. "अच्छा. गावात घर कुठे, गावातच, की जरा बाहेर?" मी तेही सांगितलं. काय लपवायचं त्यात? त्या दिवशी नोकरी मिळाली, आणि 'अहो बसा'चं 'अगं ए' झालं. त्यांच्या घरचा गणपती, हळदीकुंकू, सगळ्या स्टाफला बोलावणं जायचं. मला फोन यायचा तो खुर्च्या लावायला शाळेतली पोरं पाठव म्हणून.

मी गिळलं. नोकरी होती. आणि मैदान माझं होतं ना. मैदानावर मला कोण विचारतंय आडनाव, असं मी स्वतःला सांगत राहिले.

त्या दिवशी मैदान दिसतच नव्हतं. दिवाळी होऊन आठवडा झालेला. हवा अशी की तोंडात शिट्टी धरली तर जळक्या कागदाची चव यायची. नऊ वाजले तरी सूर्य नुसता एक फिका डाग. संचलनात पहिली ओळ खोकायला लागली, की मागच्या ओळी खोकायच्या. आदल्या संध्याकाळी शिक्षण खात्याचा निरोप आला होता, मुलांचे मैदानी खेळ बंद ठेवा. शाळेच्या ग्रुपवर मी वाचला. पाच मिनिटांत तो तिथून काढून टाकलेला. पाहुणे ठरले होते ना!

सकाळी सातला मी मॅडमना म्हटलं होतं, "मॅडम, निदान लांबची रेस आज नको. झीनत आहे त्यात."

त्या म्हणाल्या, "बघू."

झीनत आठवीतली. सरकारी कोट्यातून फुकट सीट मिळालेली. स्टाफरूममध्ये तिला नाव नव्हतं, 'वो आरटीई वाली' म्हणायचे. बाप नाही. आई जुन्या लखनौच्या चौक भागात, गल्लीत बसून कापडावर चिकनकारीचं भरतकाम करते. पोरगी धावायची अशी, की मी स्टॉपवॉच दोनदा बघायचे. शाळेचे बूट नव्हते तिच्या मापाचे, मी माझे जुने दिले, पुढे कापूस कोंबून.

जुलैत तिची अम्मी मला गेटवर भेटली होती. बुरख्याच्या आतून एक घडी केलेला कागद काढला, डॉक्टरांची चिठ्ठी. दमा. सोबत निळा पंप.

"मिस, दौड़ती है तो साँस फूलती है। पर दौड़ने का इसे बड़ा शौक़ है। मना करूँ तो रोती है। आप देख लीजिएगा।"

"हाँ, मैं देख लूँगी," मी म्हटलं. माझे शब्द हे.

आता माझं पाप ऐका. खेळणाऱ्या प्रत्येक पोराचा आरोग्याचा फॉर्म असतो. त्यावर डॉक्टरने तपासून 'फिट' किंवा 'अनफिट' लिहायचं. डॉक्टर कधी येतच नाही. त्याचा शिक्का मात्र ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. दर जुलैत मी चहाचा कप घेऊन बसते आणि एका पेनाने, एका बैठकीत, सगळ्या शाळेला फिट करून टाकते. मीच नाही. जिल्ह्याच्या स्पर्धांना आम्ही पीटीचे शिक्षक भेटतो तेव्हा हसतो यावर. "क्यों डॉक्टर साहब, कितने मरीज़ निपटाए?" असं विचारतो एकमेकांना. वर्षानुवर्षं हेच चाललंय, कुणाला काही झालं नाही, म्हणून ते काम आहे असंच वाटायला लागलं होतं.

झीनतच्या फॉर्मवर माझा हात थांबला होता. खोटं नाही सांगत, थांबला होता. मी चिठ्ठी घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी चिठ्ठी वाचली, परत माझ्या हातात दिली.

"अनफिट लिहिलंस तर अख्ख्या टीमचे फॉर्म परत येतात. फिट लिही. कोण बघतंय?"

मी लिहिलं. माझ्याही मनात मेडल होतं. सगळा दोष मॅडमच्या पदरात टाकून मी मोकळी होणार नाही. चिठ्ठी तेवढी हजेरीच्या रजिस्टरच्या कव्हरात घालून ठेवली.

तर बूट पुसून मी उभी राहिले. बाही पांढरी झालेली. पुढच्या ओळीतली पोरं माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, बाहीकडे बघत होती. पाहुणे स्टेजवर बसले. म्हणाले, "भई, वो लंबी वाली रेस पहले करवा दीजिए। हमें निकलना है।"

मॅनेजर साहेबांनी पुन्हा बोट केलं. या वेळी ट्रॅककडे.

माझ्याकडे वाक्य तयार होतं. "सर, हवा ख़राब है, ये रेस नहीं होगी।" एवढंच. सकाळपासून घोकत होते. पण आत्ता दोन मिनिटांपूर्वी मी त्यांच्या पायाशी होते हो! तिथून उठून कुठल्या तोंडाने 'नाही' म्हणायचं? मी मूग गिळून लाइनवर गेले.

झीनत लाइनवर होती. मी विचारलं, "पंप लिया?"

"लिया मिस।" हसली. "आज फ़र्स्ट आऊँगी, देखना।"

मी शिट्टी वाजवली. दुसऱ्या कुणी नाही, मी.

चार फेऱ्या होत्या. दोन फेऱ्या ती सगळ्यांच्या पुढे. लांबच्या वळणावर पोरं धुरात जायची, दिसेनाशी व्हायची, मग एकेक बाहेर यायची. तिसऱ्या फेरीत सगळ्या बाहेर आल्या. ती नाही आली.

मी धावले. माझे जुने बूट आधी दिसले मला. ती ओल्या चुन्यावर आडवी होती, ओठ जांभळे पडलेले. गळ्यातून बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. पंप मुठीत, रिकामा. घरून निघतानाच संपलेला असणार, पण धावायला मिळावं म्हणून बोलली नाही. मी तिला उचलून गेटकडे पळत सुटले. स्टेजवर माइक चालूच होता. "कृपया अपने स्थान पर बैठे रहें।" पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसं झाली म्हणे नंतर. पहिलं बक्षीस दुसऱ्याच मुलीला दिलं.

दवाखान्यात तिला आयसीयूत घेतलं, तोंडावर मास्क लावला. डॉक्टर म्हणाले, अजून काही सांगता येणार नाही.

घरी गेले तेव्हा दुपार होती. बाबा ओट्यावर बसले होते. माझी बाही बघितली. मी सांगितलं सगळं, बुटाचंही. कारखान्यात त्यांचा चहाचा गिलास वेगळा असायचा, खिडकीत पालथा ठेवलेला. मला माहीत होतं, पण घरात ते कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"म्या तीस वर्सं गिलास वेगळा धुतला. तू जोडा पुसला. आता अजून काय काय पुसशीन, पोरी?"

मला राग आला त्यांचा. मग माझा आला. रडले मी. संतापाने रडले.

सोमवारी ऑफिसात बोलावणं आलं. बाहेरच्या बाकावर झीनतची अम्मी बसलेली. बोटांच्या टोकांना सुईच्या काळ्या टोचण्या, एकमेकांत घट्ट अडकवलेली बोटं. मला बघून उठली, "मिस, आप बताइए इन्हें।" मी आत गेले. दार मी मुद्दाम लावलं नाही.

टेबलावर टाइप केलेला कागद होता. शिक्षण कार्यालयात चौकशी लागली होती, तिथे द्यायचा. त्यातली ओळ अशी:

"अभिभावक ने छात्रा की बीमारी विद्यालय से छिपाई।"

खाली माझं नाव. क्रीडा प्रभारी. सहीची जागा.

मॅनेजर साहेब म्हणाले, "साइन कीजिए मैडम, बात ख़त्म।" हा कागद गेला की शाळा दवाखान्याला एक पैसा देणार नव्हती. झीनतचं नाव काढून टाकणार होती, खोटी माहिती दिली म्हणून. वा रे वा! चोर ते चोर आणि वर शिरजोर.

मॅडम खुर्चीतून पुढे झुकल्या. तोच आवाज. गोड.

"सही कर गं. तुझंच वाचतंय यात. फिट तुझ्या अक्षरात आहे, विसरू नकोस. मी कुठेच नाहीये."

खरं होतं. त्या कुठेच नव्हत्या. त्यांचं सगळं मराठीत होतं, कानाशी. दुसऱ्या दिवशी सांगायला साक्षीदार नाही. आपलं माणूस, आपली भाषा! मला माझ्या आईच्या भाषेत ह्या बाईने इतकी वर्षं खाली दाबलं होतं, आणि मी ते दोघींतलं गुपित असल्यासारखं जपलं होतं.

"सही नाही करणार," मी म्हटलं.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?"

"हिंदीत बोला मॅडम. बाहेर तिची आई बसलीय, तिलाही कळू दे."

त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना बोलू दिलं नाही. मीच हिंदीत बोलले, मैदानावर लागतो तेवढ्या मोठ्या आवाजात. जुलैत चिठ्ठी आली. मी ह्यांना दाखवली. ह्या म्हणाल्या फिट लिही. मी लिहिलं. सकाळी सातला मी म्हटलं रेस नको, ह्या म्हणाल्या बघू. बूट पुसायला सांगताना ह्या मराठीत काय म्हणाल्या, त्याचंही हिंदी करून सांगितलं. शब्दाला शब्द. शिपाई दारात येऊन उभा राहिला. क्लार्कने टायपिंग थांबवलं.

"माँ ने कुछ नहीं छिपाया। माँ ने मुझे बताया था। मैंने फिर भी फ़िट लिखा।"

अम्मी उंबऱ्यात आली होती. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ती माझा हात धरेल. कसलं काय.

"आपने?" ती म्हणाली.

एवढंच. मग वळली आणि दवाखान्याकडे निघून गेली. तिचं बरोबर होतं.

मॅनेजर साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका, शिट्टी टेबलावर ठेवा. शिट्टी माझ्या पैशाची होती. नाही ठेवली. रजिस्टरच्या कव्हरातली चिठ्ठी तर मी शनिवारीच काढून घेतली होती.

परवा गुरुवारी चौकशी आहे. झीनत अजून दवाखान्यातच आहे. मास्क निघालेला नाही. शाळेतून फोन येतात, कधी गोड, कधी धमकीचे. क्रीडा शिक्षकांच्या ग्रुपवरून मला काढलंय. फिटचं तोंडातून काढलंस तर सगळ्यांचीच नोकरी जाईल, असं एकाने कळवलं. जाईल तर जाऊ दे. आणखी किती पोरं अशी फिट आहेत, मला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही, आणि भीती मला ह्या माहीत नसण्याचीच वाटते.

बाबा म्हणाले, मी येतो सोबत. मी नको म्हटलं. अम्मी येणार आहे, पण माझ्यासोबत नाही. तिने तसं सांगितलंय.

ट्रॅकसूट मी धुतलेला नाही. तोच घालून जाणार आहे. चिठ्ठी टेबलावर ठेवीन. पहिलं नाव माझं सांगीन, माझ्या तोंडाने, की हे फिट खोटं आहे आणि ते माझ्या अक्षरात आहे. त्यानंतर बाकीची नावं घेईन. एकही गाळणार नाही.