बंद न होणारा सिग्नल

माझ्या बायकोला खोकला लागला तेव्हा आम्ही दोघंही निर्धास्त होतो. भिवंडीत आमच्या गल्लीत दिवसभर कापड विणायचे लूम चालतात, कापसाचे बारीक तंतू खिडकीच्या जाळीला चिकटलेले असतात. खोकला इथे घरोघरी असतो. ती बालवाडीत शिकवायची. मुलांसमोर गाणं म्हणताना दम लागायला लागला, तेव्हा छातीचा एक्स-रे काढला. छातीत पाणी निघालं. आधी टीबीच्या गोळ्या झाल्या, पण पाणी काढलं की पुन्हा भरायचं. शेवटी ते मुंबईला तपासलं आणि त्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या.

सासूबाई अंबाडीजवळच्या गावाहून आमच्याबरोबर मुंबईच्या हॉस्पिटलात आल्या होत्या. त्यांनी तिथल्या डॉक्टरबाईंनाच विचारलं, "माझ्या पोरीनं कधी तंबाखूला हात न्हाय लावला. मंग हा रोग आला कुठून?"

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, यात तिची काही चूक नाही." मग आम्हा दोघांकडे वळून त्यांनी सांगितलं, की पेशी आपल्या मनानं वाढत नाही. बाहेरून सिग्नल येतो, पेशीच्या अंगावरचा एक स्विच चालू होतो, आणि 'वाढ, दोनाच्या चार हो' हा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जात आतपर्यंत पोचतो. काम झालं की स्विच बंद होतो. "यांच्या पेशींत तो स्विच बिघडलाय. बाहेरून कोणी काही सांगत नसतानाही तो चालूच राहतो. त्याच निरोपानं पेशी जागा सोडून दुसरीकडेही जातात."

"दुसरीकडे म्हणजे कुठं?" बायकोनं विचारलं.

"हाडांत, लिव्हरमध्ये, कधी मेंदूत. सध्या तिथं काही नाही."

त्या 'सध्या'वरच माझं मन अडकलं. बाहेरून जंतू शिरला असता तर त्याचा राग तरी करता आला असता. या तिच्याच पेशी होत्या. माझ्या शेजारी बसून ती पदराशी चाळा करत होती आणि त्याच वेळी आत तो निरोप फिरत होता.

तो स्विच अडवणारी गोळी सुरू झाली. आठवडाभरात तिच्या तोंडावर पुरळ उठलं, नखांच्या कडा सुजल्या. रोग बाहेर पडायला लागला असं वाटून मी घाबरून फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कातडीतही तसेच स्विच असतात. गोळी तिथंही लागू पडतेय." हळूहळू खोकला थांबला. पाणी पुन्हा भरलं नाही. ती बालवाडीत परत जायला लागली. वर्षभर आम्ही जवळजवळ पहिल्यासारखे जगलो.

मग सासूबाईंच्या हट्टापायी गणेशपुरीला गेलो. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून ती बसली होती. मला म्हणाली, "अहो, ते द्या ना."

"काय?"

"ते... पुसायचं असतं ते." तिच्या तोंडाशी शब्द येईना. "पाय... पुसायला..."

"टॉवेल?" मी हसत पुढे केला. तिनं उजवा हात उचलला, पण बोटं मिटेनात, टॉवेल पाण्यात पडला. मुलांना रोज नवे शब्द शिकवणारी ती माझ्याकडे बघत राहिली. सासूबाई मागून विचारत होत्या, "काय झाला? काय झाला?" मी तिला धरून कुंडाबाहेर घेतलं.

एमआरआयमध्ये मेंदूत ठिपके दिसले. पुन्हा तपासण्या झाल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "स्विचचा आकार बदललाय. आपली गोळी आता त्यावर बसत नाही, त्यामुळे सिग्नल पुन्हा सुरू झालाय. या बदललेल्या स्विचवर दुसरी गोळी आहे, ती मेंदूपर्यंतही पोचते."

"आणि स्विचनं तिलाही चकवलं तर?" मी विचारलं.

"तर पुन्हा तपासू, कोणता रस्ता उघडलाय ते शोधू. आज खोटा शब्द देत नाही."

नव्या गोळीनं हाताची बोटं आधी सुधारली, मग अडणारे शब्द. ठिपके बारीक झाले, पण गेलेले नाहीत. ती अर्धा दिवस बालवाडीत जाते. दर स्कॅनच्या आधी मला जेवण जात नाही. तिला कळू नये म्हणून मी वळ गावच्या गोदामातल्या माझ्या कामाच्या गप्पा सांगत बसतो.

गेल्या खेपेला स्कॅनसाठी नंबर लागायची वाट बघत होतो. मी असंच ट्रक उशिरा आल्याचं काहीतरी सांगत होतो. ती मध्येच म्हणाली, "अहो, थांबा जरा. मला फार भीती वाटतेय."

"मलाही," मी म्हणालो.

तिनं माझा हात घट्ट धरला. आतून तिच्या नावाचा पुकारा होईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.