चावी कदमकाकांच्या खिशात

आम्ही कारखान्यातले मेंटेनन्सवाले अकोट्यात कुणाकडे जेवायला जमलो की लाल कुलपांचा विषय निघतोच. बायका कंटाळून आत जातात. पण आम्ही तरी काय करणार, दरवर्षी नव्या किश्शांची भर पडते! नियम तसा साधा. मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं लाल कुलूप लावायचं आणि चावी आपल्या खिशात. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं.

*

कुलपाला स्वतःच्या फोटोचं कार्ड लटकवायचं असतं. आमचे सीनियर फिटर कदमकाका, त्यांच्याकडे एकट्याचा फोटोच नव्हता. त्यांनी लग्नातला लावला! खाली छापलेलं, ‘चालू करू नका, माणूस आत आहे.’

प्रॉडक्शनचे पटेलसाहेब बराच वेळ कार्ड बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काका, भाभी पण अंदर छे?"

*

कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटण दाबून बघायचं, मशीन खरंच बंद आहे ना. आमचा नवा इंजिनिअर धवल. पठ्ठ्यानं कुलूप एका मशीनला लावलं आणि बटण शेजारच्याचं दाबलं! ते धाडधाड सुरू.

"साहेब, आ ताळुं ज खराब छे!" म्हणत तो स्टोअरमध्ये नवं कुलूप मागायला गेला.

*

एकदा कॅन्टीनचं चहाचं मशीन गळत होतं. काकांनी कुलूप लावून दुरुस्त केलं, आणि कुलूप तसंच ठेवून भाचीच्या लग्नाला वाघोडियाला निघून गेले! मोठी मशीनं बंद पडतात तेव्हा नुसत्या मीटिंगा होतात. चहासाठी मात्र तडक कंपनीची गाडी सुटली. काका फेटा बांधलेलेच आले, कुलूप काढलं, पहिला कप स्वतः प्यायले आणि त्याच गाडीनं परत मांडवात!

*

आणि तो मोठा मिक्सर. शिफ्ट संपलेली, ऑर्डरचा ट्रक गेटवर उभा, आणि स्विचवर काकांचं कुलूप. काकांचा पत्ता नाही; घर त्यांचं तरसालीला. पटेलसाहेब भडकले.

"काका तो तरसाली पहोंची गया हशे. तोडी नाखो!"

धवल कटर घेऊन आला. कटर कुलपाला लागलासुद्धा. मी आडवा आलो. "साहेब, तोडण्याआधी मालकाला फोन लावायचा, नियम आहे."

"तमारा नियम!" म्हणत त्यांनी रागारागानं फोन लावला.

मिक्सरच्या आतून आरती वाजायला लागली. धवलच्या हातातला कटर खाली पडला. पटेलसाहेब फोन कानाला लावून तसेच उभे.

आतून काकांचा शांत आवाज आला, "हॅलो, बोला साहेब. काही अर्जंट होतं का?"