खंडेनवमीला उघडलेली मोटार

आमच्या ह्यांनी मोटार घेतली तेव्हा रत्नागिरीत मोटारी दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांतल्या चालणाऱ्या मोजायला एक हात पुरला असता. आमची त्या हातात नव्हती. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून ह्यांनी ती घेतली. गाडी सोपवताना साहेब फार हसतमुख होता म्हणे. हे त्याला साहेबाचा दिलदारपणा समजले, आणि मी वकिलाची बायको असल्यामुळे माझं मत कोणी विचारलं नाही.

कापडी टप, दोन मोठे पितळी दिवे आणि रबरी फुग्याचा भोंगा. यांतला भोंगा कधीही बिघडला नाही, एवढं श्रेय मी त्या गाडीला मनापासून देते. गोठ्याला लागून माडाच्या झापांची एक शेड घातली आणि गाडी तिथे राहू लागली. म्हैस अधूनमधून बाहेर तरी जाई.

मोटार बिघडली की मांडवीच्या मिस्त्रींना बोलावणं जाई. मिस्त्री मूळचे नाटे गावचे. उमेदीची सगळी वर्षं आगबोटीच्या इंजिनखान्यात तेलवाला म्हणून काढून ते घरी परतले होते. गावातल्या मोटारी, पिठाची गिरणी, छापखान्याचं यंत्र, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. बोलणं कमी. यायचे, इंजिनाला कान लावायचे, एखादा पाना फिरवायचे आणि हात पुसायचे. गाडी सुरू.

हेच ह्यांना खुपलं. माणसाने तासभर घाम गाळला असता, चार भाग काढून अंगणात मांडले असते, तर पैसे देताना ह्यांना समाधान वाटलं असतं. एकदा हे म्हणाले, "मिस्त्री, एक स्क्रू पिळलात. पाच मिनिटांचं काम. त्याचे एवढे?"

मिस्त्रींनी शांतपणे विचारलं, "सायेब, तुमी कोर्टात पाच मिन्टं बोलता, त्याचा काय घेता?"

मी आतल्या दारात उभी होते. मला हसू आलं आणि ते ह्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून आमच्या घरी मिस्त्रींचं येणं बंद झालं आणि हे मोटारविद्येत पडले.

मुंबईहून पाने, पेचकस, हातोड्या आल्या. गाडीबरोबर मिळालेलं इंग्रजी पुस्तक कायद्याच्या पुस्तकांशेजारी जाऊन बसलं. दर रविवारी सकाळी कोर्टाचा जुना कोट चढवून हे गाडीखाली शिरत. बाहेर दोन पाय तेवढे दिसत. पक्षकार आले की त्या पायांशी बोलून जात. माझं ताकाचं पातेलं पेट्रोलसाठी गेलं, सासूबाईंचं ओगराळं तेलासाठी गेलं, आणि एकदा कढीला असा वास आला की पाहुण्यांनी तो कोणत्या मसाल्याचा म्हणून विचारलं. मिस्त्रींच्या पाच मिनिटांच्या कामाला ह्यांना तीन रविवार लागत. पण पैसे वाचले, असं हे प्रत्येक वेळी न चुकता सांगत. त्या मोटारीसारखी फुकटची चाकरी करून घेणारी मालकीण मी दुसरी पाहिली नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मधे माझ्या वडिलांच्या डोळ्यांचं प्रकरण आलं.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, पालीच्या पुढे एका खेड्यात राहत. जन्मभर शाळामास्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आधी वर्तमानपत्र सुटलं, मग पोथी सुटली, मग अंगणातून माडांच्या आगरात एकट्याने जाणं सुटलं. मुंबईचे एक डोळ्यांचे डॉक्टर पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या की रत्नागिरीस येत, आठवडाभर शस्त्रक्रिया करत आणि परत जात. त्या वर्षी ते दसऱ्याच्या सुमारास येणार होते आणि द्वादशीला शेवटच्या शस्त्रक्रिया होत्या. अप्पांनी शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेल्या पत्रात एकच वाक्य होतं, "एक डोळा मिळाला तरी पुरे आहे."

मी म्हटलं, बैलगाडी पाठवू. हे म्हणाले, "घरात मोटार असताना सासऱ्यांना बैलगाडीतून आणू? लोक तोंडात शेण घालतील." मी म्हटलं, मग प्रवाशांची सर्व्हिस मोटार आहे. त्यावर हे म्हणाले की कोंबड्यांच्या खुराड्यात सासऱ्यांना बसवायची त्यांची इच्छा नाही. आणि त्याच दिवशी ह्यांनी अप्पांना पत्र टाकलं: मी स्वतः गाडी चालवत घ्यायला येतो, एकादशीला तयार राहा.

गाडी तेव्हा चालत होती. हे मी आजही ठासून सांगते. पण एवढ्या लांब जायचं म्हणजे आधी सफाई हवी, असं पुस्तकात लिहिलं होतं. म्हणून खंडेनवमीच्या सकाळी ह्यांनी इंजिनाला पेट्रोल पाजणारा कार्बोरेटर खोलला आणि त्याचे लहानमोठे भाग एका थाळ्यात काढून ठेवले.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पुजत. कोयती, कुऱ्हाड, पहार, विळी. सासूबाई पाट मांडत होत्या, त्यांना थाळा दिसला. "हे काय रे? तुझी हत्यारंही आण की. त्यांनी काय पाप केलंय?" ह्यांना ते फारच मानाचं वाटलं. आपल्या पानेपेचकसांना कुऱ्हाडीच्या मांडीला मांडी लावून बसायला मिळतंय म्हणून हे स्वतः सगळं उचलून आणायला गेले. मागाहून लक्षात आलं की एकदा पूजा झाली म्हणजे दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून होईपर्यंत त्यातली सुईसुद्धा हलवायची नाही. म्हणजे मोटार पोट उघडं टाकून दोन दिवस तशीच. पण आईपुढे बोलणार कोण? भर कोर्टात न्यायाधीशाशी हुज्जत घालणारे आमचे हे घरात तोंड मिटून बसले.

आता माझी पाळी. पूजेआधी सासूबाई म्हणाल्या, "अगो सूनबाई, हे पितळेचे तुकडे बघ कसे काळे ठिक्कर पडलेत. असे देवापुढे ठेवायचे का?" मी थाळा उचलून विहिरीवर नेला आणि चिंच, राख आणि नारळाचं सोडण घेऊन तो कार्बोरेटर असा घासला की त्यात तोंड दिसावं. समईच्या नक्षीत राख अडकते तशी ह्याच्या नळ्यांतही अडकेल हे माझ्या टाळक्यात आलं नाही. दोन तांबे पाणी ओतलं आणि पूजेला ठेवला. वर हळदकुंकू आणि गोंड्याची फुलं.

एकादशीला पहाटे ह्यांनी स्नान करून सगळे भाग जोडले. "लखलखतोय कसा बघ!" असं मला मोठ्या कौतुकाने म्हणाले. मग हँडल मारायला सुरुवात झाली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा हँडल, पुन्हा खोकला. सासूबाईंनी नारळ फोडला. नारळ गोड निघाला, गाडी तशीच. दहा वाजता पेट्रोल भेसळीचं ठरलं. अकराला साहेब लबाड ठरला. बाराला हे पुस्तक उघडून पायरीवर बसले, आणि तिकडे अप्पा गाठोडं घेऊन सकाळपासून ओटीवर बसले असणार हे माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

"मिस्त्रींना बोलवा," मी म्हटलं.

"त्याच्या पाया पडू?"

"तुम्ही नका पडू, मी पडते. डोळे माझ्या बापाचे आहेत," मी म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ह्यांच्याशी त्या आवाजात मी त्याआधी कधी बोलले नव्हते. पायांत वहाणा घातल्या आणि भर दुपारी एकटी मांडवीला चालत निघाले. वकिलीणबाई पायी कुठे निघाल्या ते बघायला वाटेतल्या साऱ्या ओट्या जाग्या झाल्या होत्या.

मिस्त्री दारातच होते. त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, अप्पांचं, डॉक्टरांचं, उद्याच्या द्वादशीचं.

"सायबांनी बोलावलाय काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी बोलावतेय."

"मग येतो. सायबांनी बोलावला असता तर इचार केला असता."

आले, इंजिनाला कान लावला, कार्बोरेटर काढला आणि एका नळीत जोराने फुंकर मारली. राखाडी चिखलाचा थेंब त्यांच्या तळव्यावर पडला. त्यांनी तो बोटांत चोळला, वास घेतला. "ही राख कसली, सायेब?"

"पेट्रोलातच असेल," हे म्हणाले.

मी पदर सारखा केला आणि माडाकडे बघत राहिले. आजवर हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. ह्यांच्या मोटारविद्येची घरीदारी टिंगल करताना त्या दिवसाचा किस्सा मी शंभर वेळा सांगितला, आणि दर वेळी राख तेवढी गाळली.

गाडी सुरू झाली. मिस्त्री म्हणाले, ब्रेकही ढिले आहेत, वळणांचा रस्ता आहे, उद्या मीच घेऊन येतो. ह्यांनी थोडा विचार करून होकार दिला आणि मग त्यांना बाजूला नेलं. पण वकिलांचं कुजबुजणंही फाटकापर्यंत ऐकू जातं. "सासऱ्यांपाशी बोलू नका. मी स्वतः चालवत येतो असं लिहून बसलोय."

"मी तसा बोलतच न्हाय," मिस्त्री म्हणाले.

द्वादशीला उजाडता उजाडता आम्ही निघालो. अप्पा ओटीवर बसलेले होते, तेच गाठोडं मांडीवर. आदल्या रात्री तिथेच पडले होते, गाडी आली आणि झोप लागलेली असली तर, म्हणून. मला रडू आलं. त्यांना धरून मागे बसवलं, मी शेजारी बसले. पुढे उजव्या हाताला चाकावर मिस्त्री, डाव्या हाताला हे. आणि सारा रस्ता आमचे हे गाडी चालवत होते, तोंडाने. "वळण आलं हं, अप्पा, घट्ट धरा!" वळण संपल्यावर. "आता जरा ब्रेक लावतो." ब्रेक लागून गेल्यावर. मिस्त्रींच्या तोंडून एक अक्षर नाही. ह्यांचं तोंड बंद करण्यासाठी मोटारीला एखादं हँडल का नसतं, असं मला तेव्हा फार वाटलं.

हातखंब्याच्या पुढे अप्पा पुढे वाकून म्हणाले, "हात फार हलका आहे हो. पोटातलं पाणी हललं नाही."

"सवयीने होतं," आमचे हे म्हणाले.

डॉक्टरांनी त्या दिवशी घेतलेले शेवटचे रोगी अप्पाच. एका डोळ्याचं झालं. दुसरा पुढच्या वर्षी बघू म्हणाले. मिस्त्रींचे पैसे ह्यांनी तिथल्या तिथे दिले, आणि या वेळी घासाघीस केली नाही. सासूबाईंनी वर नारळ दिला. पुढे आठवडाभर पट्टी, मग हिरवं कापड, मग मुंबईहून जाड भिंगांचा चष्मा. दीड महिना गेला. चष्मा लावून अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "केस कधी गो पिकले तुझे?" मी मोटारीकडे बोट दाखवलं. अप्पा खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

घरी परतायच्या आदल्या दिवशी हे पडवीत येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. "अप्पा, उद्या मिस्त्रींना बोलावतो. तेच चालवतील. म्हणजे, मागच्या वेळीसुद्धा..." आणि अडकले. शब्दांवर पोट असलेल्या माणसाला शब्द सापडत नव्हता.

"मागच्या वेळीसुद्धा तेच होते," अप्पा म्हणाले. "तुम्ही डावीकडून बोलत होतात. डोळे गेले होते माझे, कान शाबूत होते."

"मग बोलला का नाहीत?" मी रागानेच विचारलं.

"जावई न्यायला येतो म्हणाले होते, आले. माझं काय अडलं होतं? पण मी ज्याला हलका हात म्हटलं, त्याचं तोंड मला बघायचंय. चला."

बोलावणं पाठवते म्हटलं तर ऐकेनात. हातात काठी, डोळ्यावर तो जाड चष्मा, आणि मागे आम्ही दोघं, असे मांडवीला चालत गेलो. मिस्त्री उठून उभे राहिले. अप्पांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि चष्मा नीट करून त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले.

"त्या दिवशी तुम्हाला बोलायची बंदी होती," अप्पा म्हणाले. "आज बोला."

मिस्त्रींनी आपली दोन बोटं अप्पांच्या चष्म्यासमोर धरली, अप्पांनी "दोन" म्हटलं, आणि मिस्त्रींचा चेहरा उजळला.

"दिसता म्हंजे! बरा झाला गुरुजी," ते म्हणाले. "डोळा आला काय गेला, ता सांगायला तुमच्याकडनं कोन आला न्हाय. मी दीड महिना वाट बघत होतो."

ते तक्रार करत नव्हते. पण आम्हा नवराबायकोला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. पैसे दिले होते, नारळ दिला होता, आणि आमच्या मते सगळं देऊन झालं होतं.