सखारामचा उजवा हात

सखाराम भोयर गेल्याची बातमी कुहीकडून तांदूळ घेऊन आलेल्या एका गाडीवानाने मला दिली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, ‘तुला कोणी सांगितलं?’ तो म्हणाला, ‘सांगाले कोण पायजे मास्तर, मीच खांदा देऊन आलो.’ तरीही कोणता सखाराम, कापसाच्या प्रेसमध्ये हमाल होता तोच का, हे सगळं मी खोदून खोदून विचारलं. स्वभावच तसा. दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवून पाहणारा, वाण्याचा तराजू रिकामा असताना आधी नीट निरखून घेणारा माणूस मी. शाळेत ड्रिल शिकवताना मुलांची नखं तपासायचो, तीसुद्धा दोनदा. या संशयी स्वभावाने माझं कधी काही बिघडलं नाही. ज्याचं बिघडलं तो महिन्यापूर्वी गेला, आणि म्हणून हे लिहायला बसलो आहे.

लढाईच्या आधीची गोष्ट. जुम्मा तलावाच्या अंगाला आमची तालीम होती. एका बाजूला कुस्तीचा हौदा, आणि दुसऱ्या बाजूला, कामठीच्या छावणीतल्या गोऱ्यांचं पाहून, चार बांबू रोवून दोरखंड बांधलेला बॉक्सिंगचा चौक. सखाराम कापसाच्या प्रेसमध्ये गाठी ढकलायचं काम करी आणि सुटी झाली की तिथे येई. अंगाने काटकुळा. दंड पाहिले तर शिंप्याचे वाटावेत. पण उजव्या हाताचा ठोसा बसला की समोरचा उभा राहत नसे. नागपूरच्या महाल वस्तीतला एक पैलवान, रोज शेकड्यांनी जोर काढणारा, दुसऱ्याच फेरीत मटकन खाली बसला आणि ‘मागून कोणं ढकललं बे?’ म्हणून वळून पाहू लागला. सगळे हसले. मी हसलो नाही. एवढ्याशा दंडातून एवढा जोर येतो कुठून, हे काही माझ्या गळी उतरेना.

गंमत म्हणजे तो ते कोणालाही सांगायचा. सरकी भरलेलं पोतं आढ्याला टांगलेलं असे, त्याच्यासमोर उभा राहून म्हणायचा, ‘हाताले विसरून जा गा. चवडा रोवा, टाच फिरवा, मंग कंबर. हात तं मागून येतेच. कापसाची गाठ हातानं ढकलली तं मनगट जाते. टाचेनं ढकलली तं गाठ जाते.’ पोरं मान डोलवायची आणि पुन्हा दंड फुगवायला लागायची. आमच्याकडे ताकद म्हणजे दूध, बदाम आणि जोर-बैठका, टाचेत ताकद असते हे कोणाच्या सात पिढ्यांनी ऐकलं होतं? आणि मी म्हणायचो, खरं गुपित कोणी असं फुकट वाटतं का? वाटतो तो खोटंच वाटत असणार. त्यात हा गृहस्थ हाताला पट्ट्या बांधायचा त्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. घरून बांधूनच आला असंही कितीदा व्हायचं... चोराच्या मनात चांदणं, मी मनाशी म्हणालो.

मनातलं ते मी एकदा चहाच्या दुकानात बोललो. नंतर आठ दिवसांत अख्ख्या तालमीत तेच. कोणी म्हणे पट्टीत शिशाचा पत्रा असतो, कोणी म्हणे घोड्याची नाल. गोष्ट कामठीपर्यंत गेली. तिथे छावणीत सामने ठरले होते, आणि त्यात जिंकणाऱ्याला पोलिसात कसरत शिकवायची कायमची नोकरी मिळणार होती. सखारामच्या जिवाला त्या नोकरीची आस लागली होती. प्रेसमधलं काम वर्षातले काही महिने चाले, एरवी गावी भाताच्या बांधीत चिखल तुडवणं. यंदा नोकरी लागली की बायकोला नागपुरात आणतो, असं तो मलाही सांगून गेला होता. आणि सामन्याआधी सगळ्यांच्या हातपट्ट्या तपासायचं काम, माझा स्वभाव जाणून, मंडळींनी मलाच दिलं.

त्या दिवशी टेबलापाशी मी आणि शेजारी छावणीचा गोरा डॉक्टर. सखाराम आला, हात पुढे केले. पट्ट्या बांधलेल्याच. मी डावा दाबून पाहिला. उजवा दाबला तर बोटांच्या मुळांमागे, पंजावर, सुपारीएवढं काहीतरी टणक लागलं. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. सापडलास! मी म्हणालो, ‘सखाराम, हे काय?’

‘हाड आहे मास्तर.’

‘सोड पट्टी.’

त्याने डावी सोडली. उजवी सोडेना. एकदा डॉक्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाला, ‘मास्तर, आजच्या दिवस राहू द्या. मी तुमच्या पाया पडतो.’

मी मोठ्याने म्हणालो, ‘सोडायची नसेल तर नाव खोडतो.’

तो एवढंच म्हणाला, ‘खोडा मंग.’ आणि पट्टी न सोडताच निघून गेला. मी नाव खोडलं. माणसं वाहवा करत माझ्या पाठीवर थाप मारून गेली. चोर पकडणारा मास्तर म्हणून मी पुढे कितीतरी दिवस मिरवलो. सखाराम तालमीत पुन्हा दिसला नाही. पोरं मात्र त्याच्या नावाने घोड्याच्या नालेची नक्कल करायची, आणि ती मी ऐकून घ्यायचो.

मग मध्ये लढाई सुरू झाली. एका सकाळी बर्डीच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगापाशी कोणीतरी हाक मारली, ‘काहून मास्तर, वळखलं नाई का?’ सखाराम. कानाशी केस पांढरे झालेले. त्याने ढिगातून एक संत्रं निवडलं आणि माझ्यापुढे धरलं. उजव्या हाताने. उघड्या हाताने. पंजावर मधोमध हाडाचा उंचवटा, सुपारीएवढा, आणि शेवटची दोन बोटं मुळी मिटतच नव्हती... संत्रं तीनच बोटांत धरलेलं. मी ते घेतलं, ‘बरं आहे ना?’ असं काहीबाही पुटपुटलो आणि काम आहे म्हणून सटकलो. घरी येईपर्यंत एकच विचार: त्याने मुद्दाम त्याच हाताने दिलं का? मला दाखवायला? की सहज? आजही मला कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून मला खरं माहीत होतं. तालमीत जाऊन चार माणसांत सांगायचं होतं, की चुकलं माझं. नाही सांगितलं. लाज वाटली. सहा वर्षं गप्प बसलो. त्याच्या हाताला मी एका दिवसाची सवड दिली नव्हती, आणि माझ्या तोंडाला सहा वर्षं दिली.

गेल्या आठवड्यात मी त्याच्या गावी जाऊन आलो. दोन खोल्यांचं मातीचं घर. त्याची बायको, यमुनावहिनी, शेणाने जमीन सारवत होती. मला पाहून तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि पाट दिला. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं. प्रेसमध्ये एकदा घाईत त्याने गाठ हाताने रेटली, दुसरी वरून घसरून पंजावर आली. हाडं वाकडी जुळली. ‘तवापासून ते टाचेनं ढकलाले शिकले. मारणं बी तसंच. हात दुखेच, पण हातानं मारतच नोयते ना! डाक्टरनं तो हात पाह्यला असता तं उतरूच देला नसता, म्हून झाकत.’

सारवता सारवता तिचा हात एका जागी थांबला. तिथे वाशाला तालमीतल्यासारखंच पोतं टांगलेलं होतं, आणि त्याच्यापुढे जमिनीत एक वाटीएवढा खळगा होता, आतून गुळगुळीत. त्याच्या कडेकडेने बोटं फिरवून तिने पुढे सारवलं, खळगा तसाच ठेवला.

‘ते काहून सोडलं?’ मी विचारलं. सवय!

‘त्याइच्या पायानं पडला. मरेपर्यंत रोज सकाळी पोत्यापुढं उभे राहात. किती डाव बुजवला, आठ दिवसात पुन्हा पडे. आता बुजवला तं पुन्हा कोण पाडीन?’ मग खाली मान घालून म्हणाली, ‘तुमचं नाव घेत ते. म्हणत, मास्तर लई बारीक पाहाते. हातच पाह्यला पण. पाय पाह्यलाच नाई.’

चपला बाहेर काढलेल्या होत्या, मी अनवाणीच उठलो आणि उजवा चवडा त्या खळग्यात ठेवला. टाच फिरवली. कंबर वळली, आणि माझा म्हाताऱ्याचा हात आपोआप पुढे गेला. पोत्यापाशी जाऊन थांबला. सखाराम खरं तेच सांगत होता. सगळ्यांना, फुकट.

म्हणून आमच्या तालमीतल्या, आणि त्या दिवशी कामठीला जमलेल्या प्रत्येकासाठी लिहितो: सखाराम भोयरच्या पट्टीत काही नव्हतं. नाव मी खोडलं, चूक माझी. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने त्याच्या गावी, कुहीला, जावं. वहिनी सारवते तेव्हा तेवढी जागा सोडते.